गाणं ऐकू आलं, विनोद नाही: एका अहिराणी मेटल अल्बमचा प्रकरण अभ्यास

खान्देशातल्या चौघांनी मिळून अहिराणीत विडंबन-मेटलचा अल्बम केला. दोन गिटार, एक बास, एक ड्रम. गायक त्या दोन गिटारवाल्यांपैकीच एक. आठ गाणी, एकूण ३१ मिनिटं. कल्पना एका ओळीत सांगता येते: हेवी मेटलमध्ये मृत्यू, नरक, युद्ध आणि अंधार ज्या थाटात गायले जातात, त्याच थाटात वांग्याचं भरीत, भुसावळचा मे महिना, मुलीकडच्यांचा चहा-पोह्यांचा कार्यक्रम आणि गेलेली लाईट गायची.

पहिला मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवलेलं मुद्रण, तयार झाल्यावर त्यांनी तो अमळनेरला एका घराच्या ओट्यावर वीसेक जणांना ऐकवला. पहिल्या गाण्याला लोक मनापासून हसले. दुसऱ्याला हसू ओसरलं. तिसऱ्याच्या मध्यावर खिशातले मोबाईल बाहेर आले. शेवटी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी गायकाला जवळ बोलावून सांगितलं, "भाऊ, गानं चांगलं शे. पन तू काय म्हनी ऱ्हायना, हाई समजनं नही."

बँडने याचा अर्थ असा लावला की शब्द कच्चे आहेत, पुन्हा लिहायला हवेत. पण वही वाचली तर शब्द चांगले होते. भरिताचं गाणं नुसतं वाचून दाखवलं तरी तीच माणसं हसत होती. म्हणजे विनोद कागदावर होता, तो ध्वनिमुद्रणात हरवला. तो कुठे आणि कसा हरवला, आणि दुसऱ्या खेपेला काय बदललं, याची ही नोंद. बँडचं नाव इथे मुद्दाम घेतलेलं नाही.

आधी तपासणी

अंदाजाने काहीही बदलण्याआधी एक साधी चाचणी केली. ज्यांनी शब्द वाचलेले नाहीत अशी दहा माणसं घेतली. प्रत्येकाला एकच गाणं, मोबाईलच्या स्पीकरवर, एकदाच ऐकवलं आणि हसवणाऱ्या चार ओळी जशा ऐकू आल्या तशा लिहून द्यायला सांगितलं. हेडफोन मुद्दाम दिले नाहीत, कारण खान्देशात हे गाणं वाजणार ते मोबाईलवर, रिक्षात, नाहीतर ट्रॅक्टरवर. बहुतेकांना चारपैकी एक ओळ धड लागली, काहींना तीही नाही. रडताना लोकांना शब्द नाही कळले तरी सूर पुरतो. हसायला मात्र शब्द कळावाच लागतो, तोही त्याच क्षणी. दोन सेकंदांनी कळलेल्या विनोदावर कोणी हसत नाही.

ग्राउल आणि अहिराणीची अक्षरं

सगळ्यात मोठी चूक इथे होती. ग्राउल म्हणजे घशातला गुरगुरता आवाज. खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला जे खोटे स्वरतंतू असतात, ते थरथरवून तो काढतात. त्यात आवाजाची ताकद खालच्या आणि मधल्या पट्टीत जमा होते आणि व्यंजनं मागे पडतात. मराठी-अहिराणीत जिथे महाप्राणावर अर्थ फिरतो, तिथे याचा फटका थेट बसतो. 'भरीत'चं 'बरीत' झालं, 'धूर'चा 'दूर' झाला.

एका अक्षराच्या बाबतीत मात्र बोलीने हात दिला. ग्राउलमध्ये 'ळ' विरघळून जातो. पण खान्देशी बोलींत 'ळ' मुळातच 'य' होतो: जाळ म्हणजे जाय, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. 'य' हा अर्धस्वर असल्यामुळे तोंड उघडं राहतं आणि ग्राउल अडकत नाही. त्याहून मोठी देणगी म्हणजे 'शे'. प्रमाण मराठीतल्या 'आहे'मध्ये मधला 'ह' हवेत जातो; अहिराणी 'शे' सुरुवातीला शिट्टीसारखा 'श' आणि नंतर उघडा 'ए' घेऊन येतो. शंभर जणांनी एका तालात ओरडावं असा हा शब्द. उन्हाळ्याच्या गाण्याचं धृपद 'गरम शे! गरम शे!' इतकंच आहे, आणि ते पहिल्या मिक्समध्येही प्रत्येकाला कळलं होतं. बाकीच्या ओळी दुरुस्त करायचा नमुना तिथेच हाती लागला.

दुसरा दोष अक्षरसंख्येचा. भरिताचं गाणं १८० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १८० मात्रांवर आहे. या वेगाला एक मात्रा ०.३३ सेकंदाची आणि चार मात्रांचा एक बार १.३३ सेकंदांचा. पहिल्या खेपेला एका बारमध्ये ही ओळ कोंबली होती:

वांगं भुंजाई ऱ्हायनं पऱ्हाटीना जायवर

लेखी सोळा अक्षरं, १.३३ सेकंदांत. म्हणजे सेकंदाला बारा. साध्या बोलण्यातही एवढी अक्षरं सुटी निघत नाहीत, ग्राउलमध्ये तर प्रश्नच नाही. दुसऱ्या खेपेला तीच ओळ अशी झाली:

वांगं भुंज! जाय कर!

आठ अक्षरं, सेकंदाला सहा. वांगं भाज, जाळ कर. वर्णन गेलं आणि आज्ञा आली, त्यामुळे एखाद्या यज्ञातल्या पुरोहिताने हुकूम सोडावा तसा आवाज आपोआप चढला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, ही हवीच होती. तिला पुढच्या अर्ध्या वेगाच्या भागात संपूर्ण बार दिला. तेल लावलेली वांगी काड्यांच्या आगीवर टाकताना होणारा तडतड आवाज त्या भागाखाली खराच मुद्रित करून ठेवला आहे.

या गाण्याची हसवणारी ओळ सगळ्यात शेवटी येते. तीन मिनिटं अग्नी, धूर, लाकडी भांड्यात ठेचण्याचे घाव, मिरची-लसणाचा मारा, तेलात उसळलेले शेंगदाणे. सगळं सैन्य कळण्याच्या भाकरी घेऊन सज्ज, आणि मग: 'मीठ नही!'

चार अक्षरं. पण 'नही'चा शेवट दीर्घ 'ई'वर होतो आणि 'ई'साठी तोंड आक्रसतं. ग्राउलमध्ये या स्वराची घरघर होते. गायकाने ही ओळ सोळा वेळा म्हणून पाहिली, एकही टेक लागला नाही. शेवटी ती त्याच्याकडून काढून बासवाल्याला दिली आणि साध्या, घाबरलेल्या, घरगुती आवाजात म्हणवली. वाद्यं थांबलेली, भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज, आणि मागून कोणीतरी म्हणतो, मीठ नही. दहापैकी दहांना कळली. नियम हाच ठरला: विनोदाची किल्ली ज्या शब्दात आहे तो शब्द ग्राउलमध्ये म्हणायचाच नाही. ग्राउलने डोंगर उभा करायचा, साध्या आवाजाने उंदीर काढायचा.

माईक धरण्याची पद्धतही बदलली. मेटल गायकांना माईकची जाळी मुठीत आवळून धरायची सवय असते. दिसायला रुबाबदार दिसतं. पण शुअर एसएम५८सारख्या माईकमध्ये मागच्या बाजूने आत येणाऱ्या हवेवर त्याची दिशा ठरते. ती वाट मुठीने बुजवली की माईक सगळीकडचं ऐकायला लागतो, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि स्टेजवर शिट्टी सुरू होते. दांडा धरायचा, तोंडापासून तीन-चार बोटं अंतर ठेवायचं, आणि ट, ठ, ड, क ही अक्षरं जिभेने नेहमीपेक्षा जास्त ठासून म्हणायची. एका बैठकीत ग्राउल वीस-पंचवीस मिनिटांच्या वर नको. घसा जळायला लागला तर तंत्र चुकतंय, त्या दिवशी तिथेच थांबायचं. हे गायकाने पाळलं नव्हतं म्हणून पहिल्या खेपेची शेवटची तीन गाणी बसलेल्या आवाजात आहेत.

गिटारींनी अडवलेली वाट

दोन्ही गिटार ड्रॉप सीमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या सुरांत लावल्या होत्या: जाडीकडून सी, जी, सी, एफ, ए, डी. सगळ्यात खालची तार ६५.४ हर्ट्झ. यासाठी ११ ते ५४ जाडीचा (इंचाचे हजारावे भाग) संच चालतो. पहिल्या खेपेला नेहमीचाच ९ ते ४२चा संच ठेवून तारा सैल केल्या होत्या, त्यामुळे जोरात आघात केला की सूर क्षणभर वर जाऊन खाली येई. जाड संच चढवल्यावर फ्रेटवरचे सूर पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, नाहीतर बाराव्या फ्रेटवरचा सी खालच्या सीशी भांडतो.

पण शब्द गिळणारं कारण वेगळं होतं. प्रत्येक गिटारचे दोन असे एकूण चार थर, आणि चारहींचा गेन, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणारं बटण, जवळजवळ टोकाला. ही खरखर, म्हणजे डिस्टॉर्शन, वाढवली की गिटार १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा भिंतीसारखा भरून टाकते. व्यंजनं नेमकी याच पट्ट्यात, विशेषतः २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ओळखू येतात. म्हणजे गायकाचा 'ट' आणि गिटारची खरखर एकाच दारातून आत शिरू पाहत होते.

दुरुस्ती अशी केली. कडव्यात दोनच थर ठेवले, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. मधली जागा गायकाची. उरलेले दोन थर फक्त धृपदात. गेन आठवरून पाचवर आणला. कमी गेनचे दोन नीट वाजवलेले टेक एकत्र केले की जास्त गेनच्या एका टेकपेक्षा जाड ऐकू येतात. सगळ्यांना खटकलं, मग पटलं. गिटारी ९० हर्ट्झच्या खाली आणि ९ किलोहर्ट्झच्या वर छाटल्या. शिवाय २.५ किलोहर्ट्झच्या आसपास असा इक्वलायझर (ठरावीक पट्टा कमी-जास्त करणारं साधन) लावला, जो गायक तोंड उघडेल तेव्हाच गिटारी ३-४ डेसिबलने खाली दाबतो आणि ओळ संपली की सोडून देतो. ऐकणाऱ्याला गिटार कमी झाल्याचं कळत नाही, शब्द मात्र कळतो.

गायकाच्या आवाजावरचा कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं साधन, फार चटकन पकडत होता. एक-दोन मिलिसेकंदांतच तो व्यंजनाचं डोकं चेचत होता. पकड १२ मिलिसेकंदांवर नेली, व्यंजन निसटून पुढे आलं. रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागची घुमणारी शेपटी, जवळजवळ तीन सेकंदांचा होता, गुहेत गायल्यासारखा. तो एका सेकंदाच्या आत आणला आणि आवाजानंतर ६० मिलिसेकंदांनी सुरू होईल असा लावला. गुहा हवी तिथे, म्हणजे ओळ संपल्यावर, वेगळा प्रतिध्वनी ठेवला. शेवटी गायकाची लेव्हल मेटलच्या रिवाजापेक्षा ३ डेसिबल वर नेली. दुसऱ्या गिटारवाल्याला हे शेवटपर्यंत आवडलं नाही. विडंबनाच्या अल्बममध्ये त्याचं ऐकायचं नसतं.

बासचं काम थोडक्यात: मोबाईलचा स्पीकर ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच वाजवत नाही, म्हणून बासची नक्कल काढून तिला डिस्टॉर्शन दिलं आणि ८०० हर्ट्झच्या आसपास उठाव दिला. खालचा मूळ बास स्वच्छ ठेवला.

मुद्दाम वाईट वाजवण्याचा मोह

पहिल्या खेपेला दोन सोलो जाणूनबुजून बेसूर होते आणि एका टेकमध्ये ड्रमवाला हसताना ऐकू येत होता. विनोदी बँड म्हणजे विनोदी वाजवणं, असा समज. बेसूर सोलोला तीन सेकंद हसू येतं. चौथ्या सेकंदापासून तो फक्त बेसूर सोलो असतो, आणि दुसऱ्यांदा गाणं लावलं की ते तीन सेकंदही जातात. १९८४च्या स्पायनल टॅप या चित्रपटातला बँड नकली होता, पण त्यातले नट स्वतः वाजवणारे-गाणारे होते आणि गाणी नीट बांधलेली होती. पुढे त्या नकली बँडने खऱ्या मैफली केल्या त्या त्याच बळावर. आपल्याकडचं उदाहरण दिल्लीच्या ब्लडीवूडचं. २०१६मध्ये लोकप्रिय गाण्यांची मेटल विडंबनं करत सुरुवात केली, पण वाजवण्यात कधी सूट घेतली नाही. म्हणूनच पुढे ढोल घेऊन स्वतःची गंभीर गाणी करताना ऐकणारे बरोबर राहिले.

या अल्बमसाठी ठरलं ते असं: शब्द सोडून बाकी सगळं खरं मेटल असलं पाहिजे. शब्द न कळणाऱ्या मेटलप्रेमीला हे गाणं गंभीर वाटलं पाहिजे. दोन्ही सोलो पुन्हा वाजवले. ड्रम आधी संगणकावर लिहिलेले होते, प्रत्येक आघात १२७ म्हणजे कमाल जोराचा, त्यामुळे १८० बीपीएमच्या डबल किकला (दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम, सेकंदाला बारा आघात) शिवणयंत्र चालल्यासारखं वाटे. दुसऱ्या खेपेला ड्रमवाल्याने इलेक्ट्रॉनिक पॅडवर स्वतः वाजवलं. किक तालात सरळ केली, स्नेअर आणि झांजा हाताच्या होत्या तशाच ठेवल्या, जोर ९५ ते १२०च्या दरम्यान. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा माणूस. वरातीत कोणाकडे बघून कुठे थांबायचं हे त्याच्या हातात आहे. विनोदाआधीच्या थांब्यांना त्याचा हात लागला तसा जीव आला.

थांबा किती लांब असावा, यावर बराच वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. १८० बीपीएमला एका मात्रेची शांतता ०.३३ सेकंदाची, कानाला ती शांतता वाटतच नाही, चुकलेला ताल वाटतो. पूर्ण बार, १.३३ सेकंद, हा थांबा ओळखू येतो. त्याहून लांब थांब्यासाठी आधी अर्ध्या वेगात उतरावं लागतं, मग २.६७ सेकंदही लोक श्वास धरून थांबतात. 'मीठ नही'च्या आधी एवढा आहे. विनोद झाल्यावर मात्र अल्बममध्ये जागा सोडायची नाही, लगेच रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, यावा. एकटा ऐकणारा माणूस मोठ्याने हसत नाही, रिकामी जागा त्याला ओशाळी करते. स्टेजवर त्याच ठिकाणी दोन बार मोकळे ठेवतात, नाहीतर पुढची ओळ हशात बुडते.

खोली, ऊन आणि वीज

मुद्रण जळगावात पत्र्याच्या छपराच्या खोलीत झालं. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पंखा चालू ठेवला तर माईकमध्ये येतो, बंद केला तर माणूस टिकत नाही. शिवाय तारा तापल्या की लांबतात आणि सूर उतरतो. पहिल्या खेपेचं एक गाणं दुपारी सुरू करून संध्याकाळी संपवलं होतं, त्याच्या दोन गिटारी एकमेकींशी जुळतच नव्हत्या. दुसऱ्या खेपेला पहाटे पाच ते साडेआठ हीच वेळ ठेवली, प्रत्येक टेकआधी सूर तपासला, आणि घामाने गंजणाऱ्या तारा प्रत्येक बैठकीनंतर कोरड्या फडक्याने पुसल्या. भिंतींना कापसाच्या गाद्या टेकवल्या. या भागात त्या घरोघरी मिळतात आणि महागड्या फोमपेक्षा जाड असल्याने मधला आवाज चांगला शोषतात. पत्रा बासबरोबर थरथरायचा, त्यावर मातीची पोती ठेवली.

गिटारमधली घूं ही विजेची. ५० आणि १०० हर्ट्झची सलग घूं असेल तर आधी अर्थिंग तपासायचं. इथे लॅपटॉपचा चार्जर आणि इंटरफेस (माईक-गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) वेगवेगळ्या सॉकेटवर होते. सगळं एकाच बोर्डावर आणलं आणि टेक घेताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, घूं बसली. अर्थची पिन तोडून घूं घालवण्याचा उपाय बरेच जण सांगतात. तो करू नये, हातात गिटार आणि तोंडाजवळ माईक असताना जिवावर बेतू शकतं. भारनियमनात इन्व्हर्टरवर मुद्रण करायचं तर प्युअर साइन वेव्हचाच हवा; स्क्वेअर वेव्हवाल्याची चिरचिर गिटारमधून काढता येत नाही.

उसनी चाल

लग्नाच्या गाण्यात एका गाजलेल्या अहिराणी गाण्याची चाल घेऊन शब्द बदलायचे ठरले होते. विडंबनाला परवानगी लागत नाही, असं चौघांनाही वाटत होतं. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला नाव घेऊन दिलेली सूट नाही. कलम ५२मध्ये टीका-समीक्षेसाठी रास्त वापराची तरतूद आहे, पण चाल घेऊन त्यावर लग्नाच्या पंगतीची गंमत गाणं ही त्या गाण्याची समीक्षा होत नाही. कलम ३१सीखाली जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढता येते, पण मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं गेलेली असावी लागतात, मानधन आधी भरावं लागतं, आणि मूळ शब्द-सुरांत गरजेबाहेर बदल चालत नाही. शब्द बदलणं हाच इथे हेतू, म्हणजे ही वाट बंद. शिवाय यूट्यूब जुळणारी चाल स्वतःहून पकडतं.

चाल सोडली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर बायका म्हणतात त्या पारंपरिक गाण्यांची चाल कोणा एकाची नाही, ती घेतली. मात्र ती कोणाच्या कॅसेटवरून न उचलता घरातल्या बायकांकडून ऐकून बसवली, कारण गाणं सगळ्यांचं असलं तरी मुद्रण कोणाचं तरी असतंच. झोक्याच्या लयीवर सहा मात्रांचा घोडदौडीचा रिफ इतका नीट बसला की अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं हेच म्हणावं लागेल.

कोणाला हसायचं

एक गोष्ट तंत्राइतकीच महत्त्वाची. गायक भुसावळकडचा, घरात लेवा बोली. शब्द लिहिणारा अमळनेरचा, अहिराणी बोलणारा. एक 'मले' म्हणतो, दुसरा 'माले'. पहिल्या खेपेला एकाच गाण्यात दोन्ही आले आणि ओट्यावरच्या बायकांनी ते लगेच पकडलं. आता प्रत्येक गाणं कोणत्या बोलीत हे आधी ठरतं. सहा अहिराणीत, दोन लेवात, आणि उच्चार त्या बोलीच्या माणसासमोर तपासलेले.

त्याहून खोल अडचण एका गाण्यात होती. त्यात शहरी माणूस आणि खेड्यातला माणूस यांचं संभाषण होतं आणि हसू येत होतं ते फक्त खेड्यातल्याच्या बोलण्यावर. २०११च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली, ज्यात अहिराणीही येते, सुमारे १८.६ लाख लोकांची नोंद आहे. या लोकांनी नाटका-मालिकांत आपली बोली गडी आणि भाबड्यांच्या तोंडी बरीच ऐकली आहे. मेटलचा भपका घेऊन तेच पुन्हा करायचं काही कारण नाही. या अल्बमची ताकद उलटी आहे: अहिराणी इथे सिंहासनावर बसून बोलते, आणि हसं होतं ते मेटलच्या काळ्या झग्याचं. ते गाणं काढून टाकलं. त्याच्या जागी केळीच्या भावाचं गाणं आलं, ज्यात विनोद कमी आणि चीड जास्त आहे. ते तसंच राहू दिलं ते बरं झालं.

क्रम ठरवताना एकसारखी गाणी शेजारी आणली नाहीत. पहिल्या खेपेला पहिली तिन्ही गाणी 'भयंकर सुरुवात, क्षुल्लक शेवट' या एकाच साच्यातली होती. तिसऱ्याला मोबाईल बाहेर आले त्याचं अर्धं कारण हे. गाण्यांमधले तीन संवाद वेगळे ट्रॅक म्हणून ठेवले. गाण्याला चिकटवले असते तर दहाव्यांदा ऐकणाऱ्याला तोच संवाद पुन्हा सोसावा लागला असता. स्पॉटिफायवर ३० सेकंदांहून कमी ऐकलेलं मोजलं जात नाही, पण त्याची फिकीर केली नाही. वीस सेकंदांचा विनोद ताणून तीस केला की मरतो.

शेवटचं गाणं

अल्बम लाईटवर संपतो. पूर्ण जोरात चाललेल्या गाण्यात १ मिनिट ४० सेकंदांनी लाईट जाते. गिटारी, बास, सगळं एका झटक्यात बंद. पण बँड थांबत नाही: न जोडलेल्या इलेक्ट्रिक गिटारची टिंगटिंग, तेलाच्या डब्यावर ड्रम, आणि गायक त्याच त्वेषात, फक्त उघड्या गळ्याने विचारतो, 'लाईट कव्हय येई?'

पहिल्या खेपेला हा भाग नकली होता: जोरातलंच मुद्रण घेऊन खालचे-वरचे सूर कापले होते. ते रेडिओ लांब ठेवल्यासारखं वाटे. दुसऱ्या खेपेला चौघं खरंच खोलीत गोल बसले, मध्ये एकच कंडेन्सर माईक, गिटार त्याच्यापासून वीतभर, डबा चार हातांवर. तालासाठी कानात क्लिक घेतली नाही. वेग थोडा घसरला आहे आणि ते योग्य आहे.

मग मास्टरिंगने, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवताना, घात केला. मिक्समध्ये जोराचा आणि शांत भाग यांत १४ डेसिबलचा फरक होता, आवाजाची टोकं दाबणारा लिमिटर लावल्यावर तो ५वर आला. लाईट गेल्यासारखं वाटेचना. म्हणून दोन्ही भाग वेगळे मास्टर केले. जोराचा भाग उणे ९ लफ्सच्या (सरासरी जोर मोजायचं माप) आसपास, टोक उणे १ डेसिबलवर. शांत भागावर लिमिटर नाहीच. १४चा फरक ठेवला तर रस्त्याच्या आवाजात मोबाईलवर शांत भाग हरवतो, म्हणून १० ठेवला. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठा आवाज उणे १४च्या आसपास उतरवतात, पण तो पूर्ण ट्रॅकला एकसारखा, त्यामुळे आतला फरक शाबूत राहतो.

लाईट परत येते ती ३ मिनिट ५ सेकंदांनी. गिटारी येण्याआधी पाऊण सेकंद गल्लीतल्या पोरांची 'आली रे आली' अशी आरोळी आहे. ती खोलीत म्हणून घेतलेली नाही. माईक खिडकीत ठेवून संध्याकाळच्या भारनियमनाची वाट पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी सहा-सात पोरांच्या तोंडून ती मिळाली: "उनी रे उनी!"